दोन रेघांचं कार्ड: लेकराच्या जुलाबात कोणती झटपट तपासणी काय सांगते?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी छोटीशी लॅब आहे. एका हिवाळ्यात एक आजी दहा महिन्यांच्या नातवाला खांद्यावर टाकून बाकावर बसल्या होत्या. लेकराला दोन दिवसांपासून उलट्या आणि ढाळ. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘रोटा-अडिनो कार्ड’, म्हणजे शौचात रोटा आणि अडिनो हे विषाणू आहेत का ते पाहायची झटपट तपासणी. पंधरा मिनिटांनी कार्डावर दोन रेघा उमटल्या. आजींनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "दोन रेघा म्हंजी दोन रोग हायेत का रं बाबा?" लेकराचा बाप खुदकन हसला. त्याला दोन रेघांचा एक वेगळाच अर्थ दीडेक वर्षापूर्वी कळलेला होता.

आजींना सांगितलं, एक रेघ कार्ड धड चाललंय याची आणि दुसरी विषाणूची. त्यांचं समाधान झालं. शिकलेल्या मंडळींचं इतक्यावर होत नाही. ‘ते चार विषाणूंचं कार्ड जास्त चांगलं का?’, ‘त्यापेक्षा पीसीआरच करू का?’, ‘निगेटिव्ह आलं, म्हणजे आता अँटिबायोटिक लागणार ना?’ थंडी सुरू झाली की हे प्रश्न रोज येतात, आणि काउंटरवर उभ्या उभ्या त्यांची उत्तरं देता येत नाहीत. म्हणून हे जरा सविस्तर.

## पोट बिघडवणारे हे चौघे कोण?

लहान लेकरांच्या उलट्या-जुलाबामागे बहुतेक वेळा विषाणू असतात. त्यांत सर्वांत नावाजलेला रोटा. १९७३ मध्ये मेलबर्नला रुथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा तो दिसला. गाडीच्या चाकासारखा गोल, आरे असलेला. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. आपल्याकडे लस येण्याआधीच्या देशव्यापी पाहणीत, जुलाबामुळे रुग्णालयात दाखल कराव्या लागलेल्या पाच वर्षांखालच्या लेकरांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये रोटा सापडत होता. त्याचा जोर थंडीत जास्त.

दुसरा नोरो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली उलट्या-जुलाबाची साथ आली, त्या गावावरून हे नाव पडलं. हा मोठ्यांनाही सोडत नाही. तिसरा अडिनो. याचं कुटुंब मोठं, पण पोटावर येणारे मुख्यतः ४० आणि ४१ या क्रमांकांचे दोन प्रकार. चौथा ॲस्ट्रो, तुलनेनं सौम्य.

शौचात रक्त पडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बहुधा शिगेलासारखे जिवाणू असतात. त्या लेकराला या कार्डांत अडकवू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

## कार्डात सोनं असतं

हे खरं आहे. कार्डावरची ती लालसर रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते. सोनं इतकं बारीक केलं की ते पिवळं न दिसता लाल दिसतं. (मोडीत काही मिळत नाही, विचारून झालंय.)

कार्डाच्या आत एक कागदी पट्टी असते. दिव्याच्या वातीवर तेल चढतं, तसा शौचाचा पातळ केलेला नमुना त्या पट्टीवर पुढे सरकतो. वाटेत त्याला सोन्याचे कण भेटतात. प्रत्येक कणाला प्रतिपिंड चिकटवलेले असतात. प्रतिपिंड म्हणजे एका ठरावीक विषाणूच्या अंगावरचं ठरावीक प्रथिन ओळखून त्याला घट्ट धरणारा रेणू. बैलबाजारात मालक गर्दीतूनही आपल्या बैलाचा डाग ओळखतो, तसं. विषाणू असेल तर कण त्याला धरतात आणि ही जोडी पुढे जाते. पुढे एका आडव्या पट्ट्यावर तोच डाग ओळखणारे दुसरे प्रतिपिंड रोवून ठेवलेले असतात. तिथे जोड्या अडकतात, गर्दी होते आणि रेघ दिसते. विषाणू नसेल तर कण सरळ पुढे निघून जातात आणि शेवटच्या, म्हणजे कंट्रोलच्या रेघेवर थांबतात.

कंट्रोलची रेघच आली नाही तर ते कार्ड फेकून द्यायचं, मग बाकी काहीही दिसो. दिलेल्या वेळेत आलेली फिकट रेघ पॉझिटिव्हच धरायची. अर्ध्या-पाऊण तासानं कचऱ्याच्या डब्यातून काढून पाहिलेल्या कार्डावर उमटलेली रेघ मात्र मोजायची नाही. पट्टी वाळताना अशा भुताच्या रेघा दिसतात.

## ‘९५ टक्के अचूक’ म्हणजे नेमकं काय?

किटच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक संवेदनशीलता: खरोखर आजारी असलेल्या १०० जणांपैकी कार्डानं किती पकडले. दुसरा विशिष्टता: तो आजार नसलेल्या १०० जणांपैकी किती जणांना कार्डानं बरोबर सोडून दिलं. हे शब्द जड आहेत, म्हणून पुढे पहिलीला ‘पकड’ म्हणू आणि दुसरीला ‘पारख’. पकड कमी असेल तर आजार सुटतो. पारख कमी असेल तर भलत्याच्याच माथी बसतो.

दोन किटची तुलना करताना लोक हे आकडे शेजारी ठेवतात आणि मोठा आकडा निवडतात. मीही सुरुवातीला तेच करायचो. पण तेच कार्ड ऋतूप्रमाणे कमी-जास्त विश्वासाचं होतं, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

समजा, जानेवारीत जुलाबाची १०० लेकरं तपासली आणि त्यांतल्या ४० जणांना खरोखर रोटा आहे. कार्डाची पकड ९० टक्के, पारख ९५ टक्के. ४० पैकी ३६ सापडतील, ४ सुटतील. उरलेल्या ६० पैकी ३ जणांवर उगाच रेघ येईल. एकूण ३९ पॉझिटिव्ह, त्यांत ३६ खरे. डोळे झाकून विश्वास ठेवावा असं.

आता तेच कार्ड, तीच लॅब, हात माझेच. दिवस ऐन उन्हाळ्याचे, आणि समजा १००० लेकरांत रोटा फक्त ५० जणांना आहे. ५० पैकी ४५ सापडले. राहिलेल्या ९५० पैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ४७ जणांवर खोटी रेघ. एकूण ९२ पॉझिटिव्ह, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त खोटे! कार्ड बदललं नाही, त्याच्यासमोर आलेली लेकरं बदलली. रानात ज्वारी दाट असेल तर मूठभर कणसं डोळे मिटून तोडली तरी ज्वारीच हाती येते. तण माजलेल्या रानात त्याच हाताला तण लागतं.

म्हणून डॉक्टर विचारतात, आसपास अजून कुणाला आहे का, उलट्या आधी सुरू झाल्या का, ताप किती, लेकरू केवढं. या प्रश्नांनी कार्डाचा अर्थ अर्धा ठरून गेलेला असतो.

## एकाच कार्डावर चार नावं, पण चौघांचा भरवसा सारखा नाही

रोटाचं कार्ड या सगळ्यांत भरवशाचं. त्याची दोन कारणं. लेकरांना आजारी पाडणाऱ्या नेहमीच्या रोटाच्या अंगात एक प्रथिन असतं, जे त्याच्या जातींमध्ये फारसं बदलत नाही. म्हणजे सगळ्या बैलांवर एकच डाग. दुसरं म्हणजे आजाराच्या भरात एक ग्रॅम शौचात रोटाचे अब्जावधी कण पडतात. ओळख सोपी आणि माल भरपूर. त्यामुळे चांगल्या रोटा कार्डांची पकड बहुतेक अभ्यासांत ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर येते.

नोरो बहुरूपी आहे. आज पोलीस, उद्या वासुदेव. त्याच्या पुष्कळ जाती आहेत, आणि सर्वांत जास्त फिरणारी जात दर काही वर्षांनी अंगावरचं प्रथिन बदलून येते. ज्या रूपावर कार्ड बेतलं ते रूप मागे पडलं की पकड ढिली होते. म्हणून नोरो कार्डांची पकड अभ्यासागणिक वरखाली होते आणि रोटाच्या मानानं बरीच कमी भरते. पारख मात्र चांगली असते. याचा साधा अर्थ असा की नोरोची रेघ आली तर बहुधा खरी आहे, पण नाही आली म्हणून नोरो नाही असं म्हणता येत नाही.

मग असलं दुबळं कार्ड बनवतात तरी कशाला? इथे एक गंमत आहे. धरा की एखाद्या आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात एका रात्रीत तीस पोरांना उलट्या सुरू झाल्या. नोरो चाचणीची पकड फक्त ५० टक्के, म्हणजे नाणेफेक. पण सहा पोरांचे नमुने घेतले तर सहाही निसटण्याची, म्हणजे सहाही वेळा छाप पडण्याची, शक्यता ६४ मध्ये १. एकाही नमुन्यात रेघ आली की साथ कशाची ते जवळजवळ कळलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये नोरोच्या एका चाचणीला अशीच परवानगी दिली. साथीतल्या अनेक नमुन्यांसाठी वापरा, एकट्या-दुकट्या रुग्णाच्या निदानासाठी पुरेशी नाही. एका लेकरासाठी नाणेफेक, वसतिगृहासाठी कामाची.

अडिनोची अडचण आणखी निराळी. काही कार्डं पोटाच्या ४०-४१ साठी बनवलेली असतात, तर काही अख्ख्या अडिनो घराण्याला समान असलेलं प्रथिन ओळखतात. सर्दी-घसा-डोळे येणं करणारा अडिनोही शौचातून आठवडेच्या आठवडे पडत राहतो. मग लेकराला जुलाब भलत्यामुळेच होतात आणि कार्ड मात्र मागच्या महिन्यातल्या सर्दीच्या पाहुण्याकडे बोट दाखवतं. किटच्या पत्रकात ‘४०/४१’ लिहिलंय का, एवढं लॅबवाल्याला जरूर विचारा. आम्हाला राग येत नाही. आला तर दुसऱ्या लॅबमध्ये जा.

ॲस्ट्रोबद्दल फार लिहीत नाही. त्याची रेघ येवो न येवो, पुढे करायचं तेच असतं.

## मग थेट पीसीआर का नको?

कोविडच्या काळात गावच्या पारावरसुद्धा ‘सीटी किती आली?’ असं विचारलं जायचं, म्हणून पीसीआर नवा राहिलेला नाही. विषाणूच्या जनुकाचा बारका तुकडा यंत्रात दुप्पट करायचा, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. विरजणाचा थेंब पुरतो, भांडं भरून जातं. जितक्या कमी फेऱ्यांत दिसला तितका विषाणू जास्त. ती फेऱ्यांची संख्या म्हणजे सीटी.

पीसीआरची पकड कार्डापेक्षा खूप चांगली, त्यात वाद नाही. नोरो पकडायचा तर हाच रस्ता. हल्ली एकाच वेळी वीस-बावीस जंतू तासाभरात शोधणारी पॅनेलही शहरात मिळतात, कित्येक हजार रुपयांत. गोची अशी की यंत्र आजार करणाऱ्याला पकडतं आणि नुसतं वाटेनं जाणाऱ्यालाही.

२०१३ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या सात ठिकाणांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपलं कोलकाताही होतं. मध्यम ते तीव्र जुलाब झालेली पाच वर्षांखालची लेकरं आणि त्यांच्याच वस्तीतली ठणठणीत लेकरं, दोन्हींचे नमुने तपासले. जुलाबवाल्यांपैकी ८३ टक्क्यांत कुठला ना कुठला जंतू सापडला. आणि ठणठणीत असलेल्यांपैकी? ७२ टक्क्यांत! जिथे पाणी, हात आणि अंगण जंतूंनी भरलेलं असतं, तिथे लेकरांच्या पोटात पाहुणे येत-जात राहतात. आपला टँकरवरचा, हंडा-हंडा पाणी साठवणारा मुलूख यात कुठे बसतो ते सांगायला नको. अशा लेकराचं बावीस जंतूंचं पॅनेल केलं तर दोन-तीन नावं येणारच. नावं पाहून घरच्यांचा धीर सुटतो आणि तीन औषधं सुरू होतात. शेतात पाऊल उमटलेलं दिसलं, म्हणून चोरी त्यानंच केली असं नसतं.

एलिसा, म्हणजे कार्डासारखीच प्रतिपिंडांनी पण प्लेटवर करायची तपासणी, हा मधला मार्ग. एका वेळी नव्वदेक नमुने लावता येतील अशी प्लेट असते, म्हणून मोठ्या रुग्णालयांना आणि पाहणी करणाऱ्यांना सोयीचा. एकट्या लेकरासाठी कुणी प्लेट उघडत नाही.

## निगेटिव्ह आलं, म्हणजे अँटिबायोटिक ना?

नाही. कार्ड निगेटिव्ह याचा अर्थ, त्या कार्डावरचे विषाणू त्या नमुन्यात पुरेसे सापडले नाहीत, इतकाच. न शोधलेले विषाणू आहेत, नोरोसारखे निसटणारे आहेत, आणि उशिरा आणलेला नमुना आहे. विषाणू सापडला नाही म्हणून जिवाणूच असेल, हा तर्क मी चांगल्या-चांगल्यांकडून ऐकलाय. पाण्यासारख्या जुलाबात बहुतेक लेकरांना अँटिबायोटिकची गरज पडत नाही, मग कार्ड काहीही बोलो.

## उपचार तेच, मग तपासणी करायचीच कशाला?

हा सर्वांत खरा आक्षेप आणि तो माझ्या धंद्याच्या विरोधात जातो. बहुतेक लेकरांना कार्डाची गरज नसते. रेघ सांगते विषाणू कोणता. अंगातलं पाणी किती गेलं हे तिला कळत नाही, आणि लेकराला धोका असतो तो त्या पाण्याचा. ते पाहायला डोळे आणि दोन बोटं लागतात: डोळे खोल गेलेत का, पोटावरच्या कातडीची चिमटी सोडल्यावर सावकाश बसते का, लघवी थांबलीय का, लेकरू पाण्यावर झडप घालतंय की प्यायलाही उठत नाही. मलूल पडलेल्या, पीत नसलेल्या लेकराला घेऊन रिपोर्टची वाट बघत माझ्या बाकावर बसू नका, दवाखाना गाठा. तिथे सलाईनचं काम असतं. पिणाऱ्या लेकराला तेच काम ओआरएस करतं.

आजींचा नातू पीत होता. रेघ उमटेपर्यंत त्याच्या मायनं चमच्या-चमच्यानं अर्धी वाटी संपवली. मधे एकदा उलटी झाली, दहा मिनिटं थांबली, परत सुरू. १९७१ च्या बांगलादेश निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून माणसं वाचवली, ते हेच. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी. ‘थोडं कडक’ करायला चहा नाही तो. जोडीला झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या लेकराला १०. ढाळ थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. अंगावरचं दूध चालू, भाताची पेजही चालू. मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी लेकराला कधीच नाही.

तरीही काही वेळा कार्डाचे पैसे वसूल होतात. घरचे सलाईन आणि ‘पावरची गोळी’ मागत अडून बसलेत आणि रोटाची रेघ डॉक्टरांच्या हाताला नाही म्हणायचं बळ देते, हा उपयोग मी दर हिवाळ्यात बघतो. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कुणाला ठेवायचं हे त्यावरून ठरवता येतं. आणि वसतिगृहात नोरो निघाला तर सॅनिटायझरच्या बाटल्या वाटण्यात फारसा अर्थ नाही. नोरोवर तो नीट चालत नाही. साबण-पाण्यानं हात आणि ब्लिचिंगनं फरशी, हाच उपाय. तिथे नाव कळल्यानं काम बदलतं.

## लस दिली होती, तरी पॉझिटिव्ह कसं?

रोटाची लस सरकारी लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०१९ मध्ये देशभर पोचली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे थेंब. दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला झालेल्या भारतीय लसीच्या चाचणीत तीव्र रोटा जुलाब निम्म्याहून थोडे जास्त कमी झाले. म्हणजे लस घेतलेल्यांनाही रोटा होऊ शकतो, पण दवाखान्यात झोपवण्याइतका होण्याची शक्यता घटते. शिवाय ही जिवंत पण सौम्य केलेल्या विषाणूची लस आहे. थेंब दिल्यावर काही दिवस लसीतलाच विषाणू शौचातून पडतो आणि कार्ड त्यालाही रेघ देतं. म्हणून चिठ्ठी घेताना मी आधी विचारतो, शेवटचे थेंब कधी दिले?

ऊसतोडीला गेलेल्या घरांत ही तारीख बरेचदा कुणालाच आठवत नाही. कोपीवर असताना डोस चुकतो, आणि परत आल्यावर ‘आता वय गेलं’ असं समजून कुणी विचारतही नाही. सरकारी वेळापत्रकात पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू करता येतो. आशाताईंना लसीकरणाचं कार्ड दाखवून विचारा.

## नमुना आणि ऊन

चांगल्यातलं चांगलं कार्ड वाईट नमुन्यानं वाया जातं. आजाराचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत बरे, आठवड्यानं विषाणू ओसरतो. लोक डायपर गुंडाळून आणतात, त्यातलं पाणी जेलनं शोषलेलं असतं आणि पिळून काही निघत नाही. डायपर उलटा घाला किंवा आत प्लास्टिक ठेवा, आणि चमचाभर पातळ शौच डबीत घ्या. भरपूर आणलं म्हणून रिपोर्ट जास्त खरा येत नाही. उलट नमुना दाट झाला की पट्टी तुंबते.

लॅबकडूनही एक अपेक्षा ठेवा. ही किट साधारण २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. एका वर्षी माझं एक पार्सल दुपारभर पत्र्याच्या शेडखाली पडून राहिलं. पहिल्याच कार्डावर कंट्रोलची रेघ मरतुकडी आली, अख्खा खोका फेकला. किट कुठे ठेवता असं कुणी विचारलं तर मी फ्रीज उघडून दाखवतो.

आणि डबीवर लेकराचं नाव आणि वेळ लिहा. मागे जुळ्या भावांच्या दोन डब्या बिननावाच्या आल्या होत्या. एकाच डबीच्या कार्डावर रेघ आली, आणि मग दोघांच्याही पुढच्या जुलाबाची वाट बघत सगळं घर माझ्या बाकावर बसून राहिलं.